लेकुरवाळी

चौदा नंबरचा बांबू तिसऱ्यांदा उपटलेला होता. पाण्यात कुठं वाहून गेला असता तर मी वाऱ्यावर ढकललं असतं, पण तो काठावर गवतात आडवा ठेवलेला होता, बुडाचा चिखल धुऊन. त्याला बांधलेली दोरी गुंडाळून शेजारी ठेवली होती.

"वारा असेल जी," बिसनजी म्हणाले. ते डोंग्यात मागच्या बाजूला उकिडवे बसले होते आणि माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघत होते.

वारा दोरी गुंडाळत नाही, असं मी म्हणाले. त्यांनी वल्हं उचललं. साठीचा माणूस, त्यांच्या आज्यापासून सगळ्यांचा जन्म त्या तलावावर गेलेला. पण दीड महिन्यात त्यांच्या तोंडून मी आकड्यांखेरीज फारसं काही ऐकलं नव्हतं.

ही तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्टीत सावरबंध नावाचं गाव आणि त्याच नावाचा जुना तलाव. मी इचलकरंजीची, वय सव्वीस. जमलेलं लग्न साखरपुड्यानंतर मोडलं होतं, घरात कोणी माझ्याशी त्याबद्दल बोलत नव्हतं आणि दुसरंही काही बोलत नव्हतं. म्हणून नागपूरच्या एका संशोधन प्रकल्पातली ही वर्षभराची नोकरी मी जाहिरात पाहून घेतली. मासे तलावात कुठं राहतात, कुठं खातात, कुठं वाढतात, त्या जागा मोजायच्या आणि नकाशा करायचा, असं काम होतं. उन्हाळ्यात सरकारी योजनेतून तलावाचा गाळ निघणार होता आणि मशीन कुठं लावायचं ते माझ्या नकाशावरून ठरणार होतं; माशांच्या उपयोगाची नसलेली जागा आधी खणणार होते.

पद्धत सोपी होती. काठच्या उथळ पाण्यात पन्नास-पन्नास मीटरवर नंबर टाकलेले बांबू रोवायचे. समोरासमोरच्या दोन बांबूंमध्ये दोरी ताणायची आणि डोंग्यातून तिच्या कडेकडेनं जायचं. दर दहा मीटरवर थांबून शिशाचा गोळा सोडून खोली घ्यायची. पांढरी-काळी तबकडी बुडवून ती किती खोलवर दिसेनाशी होते ते बघायचं, म्हणजे पाणी किती नितळ ते कळतं. लांब काठीनं तळ टोचून चिखल की वाळू की दगड ते लिहायचं. लाकडाची मीटरभराची चौकट पाण्यावर ठेवून आतल्या वनस्पती मोजायच्या. बिसनजी वल्ही मारायचे, गोळा सोडायचे आणि आकडा सांगायचे, मी लिहायचे. "सात हात. सव्वासात. सात." मी हातांचे मीटर करायचे. असा आमचा दिवस जायचा.

पश्चिमेकडची बाजू मात्र राहत होती. तिकडून ओढा तलावात येतो. पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि अलीकडे दोन-तीनशे मीटर नुसतं गवत, कमळ आणि देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारा रानभात, उभं. पाणी गुडघ्यापासून कंबरेपर्यंत, त्यामुळं डोंगा आत शिरायचा नाही. मी तालुक्याच्या गावी जाऊन प्रकल्पाचे प्रमुख सहस्रबुद्धे सर यांना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं की तिथं वेळ घालवू नका. टोकांना बांबू लावा, दोन-चार ठिकाणी खोली घ्या आणि तक्त्यात 'उथळ, गवताळ, माशांसाठी अयोग्य' असं लिहा. तक्त्यात तसा रकाना छापलेलाच होता.

चौदा नंबर त्या बाजूचा. आणि त्या बाजूला रोज सकाळी एक बाई असायची.

पन्नाशीची असेल. लुगडं कासोटा मारून वर खोचलेलं, कमरेला टोपली बांधलेली, हातात छोटं जाळं. गवतात कमरेएवढ्या पाण्यात ती एकटीच वाकलेली दिसायची. गावात पुरुष डोंगे घेऊन खोल पाण्यात जाळी टाकत, बाया काठच्या उथळात बारीक मासळी धरत. पण बाकीच्या बाया चार-पाच जणींच्या घोळक्यानं गावाच्या बाजूला येत आणि बोलत-हसत परत जात. ही वेगळी, पार पश्चिमेला. ती कोण, हे मी कधी बिसनजींना विचारलं नाही. माझ्या वहीत तिचा उल्लेख दोनदा आहे, 'मासे धरणारी बाई' असा.

त्या बाजूला तिच्याशिवाय कोणी येत नव्हतं, म्हणून बांबू चौथ्यांदा उपटताना मी तिला पकडायचं ठरवलं. बांबू पुन्हा खोल ठोकला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बांधावर जाऊन बसले. ती आली, सरळ पाण्यात उतरली. बांबूला हात घालण्याआधी ती बराच वेळ त्याच्या बुडाशी बघत उभी राहिली. मग तिनं तो दोन्ही हातांनी हळूहळू हलवून सैल केला, अगदी अलगद, आणि वर ओढला.

मी खाली उतरून तिला हटकलं. ही सरकारी खूण आहे, तिला हात लावायचा नाही, हे तिला माहीत नाही का, असं बरंच काही बोलले. तिनं ऐकून घेतलं.

"इथं नको जी," ती म्हणाली. "पलीकडं रोवा. इथं लेकुरवाळी आहे."

कोण लेकुरवाळी, मी विचारलं. तिनं पाण्याकडे बोट केलं. "आहे. तिला त्रास होते."

मला वाटलं बुडून मेलेल्या एखाद्या बाळंतिणीचं भूत असेल, नाहीतर पाण्यातली कुठली देवी. असल्या गोष्टी प्रत्येक तलावाबद्दल सांगतात. मी म्हणाले की माझी रेघ नकाशावर आखलेली आहे, कुणासाठी ती वाकडी करता येणार नाही. बांबू तिच्या हातातून घेतला आणि तिच्या देखत दगडानं ठोकून पुन्हा तिथंच बसवला. पाणी ढवळून काळं झालं. ती बघत उभी राहिली आणि मग निघून गेली.

त्याच दिवशी मी मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष देवाजी वलथरे यांच्याकडे लेखी तक्रार दिली. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं म्हणून तिथं जागा कोरी सोडली होती. देवाजींनी कागद वाचला, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं, फुलवंता मारबते. तिचं नाव मला असं कळलं.

दोन दिवसांनी बिसनजींनी डोंगा ढकलता ढकलता सांगितलं की मोजणी संपेपर्यंत फुलवंतानं पाण्यात पाय घालायचा नाही असं सोसायटीनं ठरवलं आहे. मी एवढं मागितलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. बांबू जागेवर राहिला. काम भराभर पुढं गेलं.

फक्त आधीच थोडं बोलणारं गाव आता अजिबात बोलेनासं झालं. हातपंपावर मी गेले की बाया आपापल्या घागरी उचलून बाजूला होत, पहिला नंबर मला देत आणि मी जाईपर्यंत गप्प राहत. मी जिथं भाड्यानं खोली घेतली होती त्या घरची म्हातारी आधी कधीमधी भाजी आणून द्यायची, ती बंद झाली. दर रविवारी मी सायकलनं अकरा किलोमीटर जाऊन एसटीडीवरून भावाला फोन करायचे. तो तब्येत विचारायचा, मी पाऊस सांगायचे, आणि दोन मिनिटांत आमचं संपायचं. आठवडाभर मला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. 'म्याडम' एवढंच. एकदा खोलीत आकडे जुळवताना मी मोठ्यानं वाचतेय हे माझ्या लक्षात आलं. आवाज ऐकू यावा म्हणून वाचत होते.

चार आठवडे असे गेले. पूर्वेकडचं, मधलं सगळं मोजून झालं. पश्चिमेला दोन-चार ठिकाणी पाण्याची खोली घ्यायची तेवढी राहिली होती. त्या दिवशी डोंगा गवतात अडकला, बिसनजी म्हणाले इथून पुढं जात नाही, तेव्हा मी सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मोजपट्टी घेऊन पाण्यात उतरले. एवढ्या दिवसांत काठ सोडून आत, तलावाच्या तळाला माझे पाय पहिल्यांदाच लागत होते.

चौदा नंबरपासून साठेक पावलं आत गेले असेन. देवधानाच्या ताटांमध्ये एक मोकळी जागा होती, परातीएवढी. तिच्यात काहीतरी लाल हललं. आधी वाटलं पानं कुजलीत. मग तो लाल डाग वर आला, पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक बुडबुडे फुटले आणि डाग पुन्हा खाली गेला. मी थांबले. पुन्हा वर आला. शेकडो पिल्लं होती, धान्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, शेंदरासारखी लाल, एकमेकांना चिकटून एकाच अंगानं वळणारी. आणि त्यांच्या खाली, माझ्या पायापासून हातभर अंतरावर, मनगटापेक्षा जाड असा एक काळा मासा निश्चल उभा होता. त्याचं तोंड माझ्याकडे होतं. मी एवढी मोठी, पण तो हलला नाही.

मी मागं वळून बिसनजींना हाक मारली आणि काय दिसतंय ते सांगितलं.

"मरळ आहे जी," ते डोंग्यातूनच म्हणाले. "लेकुरवाळी."

मी तिथंच उभी राहिले. कमरेखाली पाणी गार होतं. मग मी विचारलं की चौदा नंबरवर पण हीच होती का.

"तिथं अंडी होती. मंग पिल्लं निघाली असती. दोरी ओढली, पाणी गढूळलं, ती गेली सोडून. माय गेली की पिल्लं दुसरे मासे खातात. आमी लेकुरवाळीला धरत नाही. बाया त्या वाटेनं जात पण नाहीत."

मग तुम्ही मला सांगितलं का नाही, मी म्हणाले. माझा आवाज चढला असावा, कारण त्यांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"तुमी खोली विचारली, मी खोली सांगितली," बिसनजी म्हणाले. "तिनं न विचारता सांगितलं. तिचं काय झालं ते पाहिलं मी."

संध्याकाळी मी फुलवंताचं घर विचारत गेले. गावाच्या टोकाला एक खोली, समोर सारवलेलं अंगण. ती उंबऱ्यावर बसून सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळत होती. पाण्यात दिसायची त्यापेक्षा लहानखुरी वाटली. पायांची कातडी कोरडी पडून भेगाळली होती.

मी काय पाहिलं ते सांगितलं. माझं चुकलं म्हणाले. ती विडीला दोरा गुंडाळत राहिली. मग सूप बाजूला सरकवून मला बसायला जागा केली.

"तुमचं नाव काय जी?" तिनं विचारलं.

हेमलता, मी म्हणाले. आणि का कोण जाणे, तिनं विचारलं नसताना पुन्हा एकदा म्हणाले, हेमलता. ती माझ्याकडे बघत राहिली, उठली आणि आतून पितळी पेल्यात पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी मी देवाजींकडे जाऊन तक्रार मागं घेते म्हणाले. ते चिडले नाहीत, पण ऐकेनातही. तुमच्या कागदावर आम्ही बाईला थांबवलं, आता तुमच्याच तोंडच्या शब्दावर सोडलं तर सोसायटीला कोण विचारेल, असं त्यांचं म्हणणं. आठ दिवसांनी मासिक सभा होती. त्या सभेत येऊन बोला, म्हणाले.

समाजमंदिरात चाळीसेक पुरुष बसले होते. मी उभी राहिले आणि सांगितलं की बांबू मी चुकीच्या जागी रोवला होता, मला हे सांगितलं गेलं होतं आणि मला ते समजलं नाही. फुलवंताबाईंनी काही बिघडवलं नव्हतं, बिघडवलं ते मी. मग पाठीमागून बिसनजींचा आवाज आला, की आता म्याडम म्हणतात तर सोडून द्या. देवाजींनी वहीत लिहिलं. पाच आठवड्यांनी बंदी उठली.

पुढच्या सकाळी फुलवंता मला पाण्यात घेऊन गेली. चपला काढायला लावल्या. तिच्या मागोमाग, तिचं पाऊल जिथं पडेल तिथंच माझं पाऊल. ती काठी टोचत नव्हती, पायानं तळ बघत होती. इथं चिखल गार लागते, खाली झरा आहे, उन्हाळ्यात सगळं आटलं तरी इथं मासे जीव धरतात. इथं वाळू आहे, ओढ्याचं पाणी येते तेव्हा बारीक मासळी इथं चढते. इथं गवताची मुळं तरंगतात, त्यांच्या खाली हात घाला. मी हात घातला. बोटांना काहीतरी इवलंसं धडकून पळालं. ती हसली. त्या गावात माझ्याशी कोणी हसल्याचं मला आठवत नव्हतं.

मी तिच्या गुडघ्याची, मांडीची, कमरेची उंची मोजून घेतली. ती पुढं जाऊन उभी राही आणि म्हणे, "मांडी." मी सेंटिमीटर लिही. तीन सकाळी आम्ही असं फिरलो आणि तिनं मला अकरा जागा दाखवल्या. तिच्या घरचंही थोडं कळलं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. पश्चिमेला एकटी का जातेस, मी विचारलं तेव्हा म्हणाली की पहिल्यापासून तिकडंच बरं वाटते.

तिसऱ्या दिवशी काठावर लुगडं पिळताना तिनं सांगितलं की पोळा झाला की ती देवरीला जाणार आहे. तिथं मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवी होती, बहिणीच्या जावयानं जमवलं.

आता बंदी उठलीय, मी म्हणाले. आता कशाला जायचं?

"पाणी बंद झालं तेव्हा शब्द दिला," ती म्हणाली. "घरात बसून काय करू, वाटलं. आता दिला ना."

मी शब्द फिरवता येईल, मी जाऊन बोलेन, असं काहीबाही म्हणत राहिले. तिनं पिळलेला पदर झटकला. "तुमी किती ठिकाणी जाऊन बोलाल हेमाबाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. मी एसटीच्या थांब्यावर गेले होते, नकाशाचा कच्चा कागद घेऊन. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी कागद गुडघ्यावर पसरून दाखवला. हा बांध, हे गाव, हा ओढा, आणि या तू दाखवलेल्या अकरा जागा. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, गोल फिरवला आणि तलाव ज्या दिशेला होता त्या दिशेला तोंड करून धरला. मग ओढ्याच्या मुखापासून बोट सरकवत आली आणि कोऱ्या जागेवर थांबली.

"हे राहिलं," ती म्हणाली. "इथं दोन असतात. वरसाला दोन."

मी पेन्सिलीनं खूण केली. गाडी आली. तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि एक बोचकं होतं. मी पेटी वर चढवून दिली. ती खिडकीशी बसली आणि गाडी वळेपर्यंत तलावाकडे नाही, समोर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच त्या जागी गेले. बिसनजींना काठावर थांबायला सांगितलं. तिनं बोट ठेवलं होतं तिथं पोहोचायला तासभर लागला. कमळाच्या पानांमागं जागा होती. खरोखर दोन होत्या, पाच-सहा हातांच्या अंतरावर, दोन्हींची पिल्लं लाल. मी पाण्यात हलके श्वास घेत उभी राहिले, ऊन वर येईपर्यंत. कोणाला सांगावं असं मनात येत होतं, पण ज्यांना सांगायचं त्यांना आधीच माहीत होतं.

त्यानंतर अकरा दिवस मी पश्चिमेची बाजू पायी मोजली. तक्त्यात 'माशांसाठी अयोग्य' हा रकाना कोरा ठेवला आणि मागं पंधरा पानं जोडली. सहस्रबुद्धे सरांनी ती परत पाठवली. मी नागपूरला गेले. ते भले गृहस्थ होते, पण त्यांचं म्हणणं असं की एका बाईच्या पायाच्या अंदाजाला पद्धत म्हणता येत नाही. मी म्हणाले की मग अयोग्य लिहिलेल्या नकाशावर माझी सही होणार नाही. दोन महिने हे चाललं. शेवटी त्यांनी स्वतः येऊन पाण्यात उतरायचं कबूल केलं, उतरले, आणि बाहेर आल्यावर पाय पुसत म्हणाले की पंधरा पानं राहू द्या. फुलवंताचं नाव मात्र अहवालात घेता आलं नाही. नावं फक्त कर्मचाऱ्यांची घालतात. माझी नोकरी वर्ष भरल्यावर संपली, मुदत वाढवून मिळाली नाही. उन्हाळ्यात मशीन आलं ते मधल्या खोल भागात लागलं. पश्चिमेला गेलं नाही.

गाव सोडून जाताना मी वाटेत देवरीला उतरले. वसतिगृह शोधलं. स्वयंपाकघरात दोन अनोळखी बाया तांदूळ निवडत होत्या. फुलवंता दिवाळीपर्यंत होती, म्हणाल्या. इथं तिचं मन लागलं नाही. कुठं गेली? त्यांना नक्की माहीत नव्हतं. एक म्हणाली छत्तीसगडकडं, कुणा नातेवाइकांकडं. दुसरी म्हणाली गावाला परत गेली असेल.

ती गावाला गेली नव्हती, मी तिथूनच येत होते. पुढं चार-पाच वर्षं मी बिसनजींना पत्र पाठवत असे, ते कुणाकडून तरी उत्तर लिहवून घेत. मरळ किती दिसल्या, पाणी किती चढलं, हे असायचं. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी एकच गोष्ट विचारत असे, आणि ते प्रत्येक वेळी न चुकता उत्तर देत, की फुलवंता अजून आली नाही.